कऱ्हेचे पाणी सापडत नाही

ग्रंथपाल ताईंनी शोधाच्या चौकटीत ‘कऱ्हेचे पाणी’ टाइप केलं आणि एंटर दाबलं. ‘या नावाचे पुस्तक आढळले नाही’ अशी ओळ पडद्यावर आली. त्यांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तीच ओळ. मग त्या उठल्या, देवघेवीच्या टेबलामागचं कपाट उघडलं आणि अत्र्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड काढून माझ्यासमोर ठेवला. पाठीवर पांढऱ्या शाईत दाखल क्रमांक होता.

“दादा, पुस्तक इथं आहे. तुमच्या वेबसाइटला ते दिसत नाही.”

वेबसाइट मी केली होती, पण तिचा कोड मी लिहिला नव्हता. मला कोड लिहिता येत नाही. एका दैनिकात मी २२ वर्षं पानं लावली. टाइप, ओळींमधलं अंतर, स्तंभाची रुंदी यांची नजर तिथं तयार झाली. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे वाचनालय. शासनाच्या वर्गवारीत ते ‘तालुका ब’ मध्ये बसतं. पुस्तकं १८ हजारांच्या आसपास. वेबसाइटसाठी त्यांनी दोन ठिकाणांहून दरपत्रकं मागवली होती आणि दोन्ही पाहून फाइल बंद करून ठेवली होती. हल्ली चित्र दाखवलं की एआय वेबसाइट बनवून देतं, असं मी ऐकून होतो. करून पाहू म्हणालो. हा लेख त्या करून पाहण्याचा आहे.

या कामाच्या पहिल्या भेटीत ताईंनी मोबाइलवर परदेशातल्या एका मोठ्या ग्रंथालयाचं होमपेज दाखवलं होतं. भरपूर मोकळी जागा, वर ठसठशीत शीर्षक, खाली मुखपृष्ठांची रांग. “असं हवं,” त्या म्हणाल्या. मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, एका एआय टूलमध्ये टाकला आणि लिहिलं की अशा धर्तीवर आमच्या वाचनालयाचं पान कर. चहा येईपर्यंत पान तयार होतं. घड्याळात पाहिलं, चार मिनिटं झाली होती. वाचनालयाचे कार्यवाह खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले. मीही थक्क झालो होतो आणि ते लपवण्याचं कारण नाही.

०००

चित्रावरून कोड लिहिण्याची ही विद्या फार जुनी नाही. २०१७मध्ये कोपनहेगनच्या टोनी बेल्त्रामेली यांनी ‘पिक्सटूकोड’ नावाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्याचं चित्र दिलं की त्याचा कोड लिहिणारं ते न्यूरल नेटवर्क होतं आणि मोजक्या साच्यांतल्या पडद्यांवर त्याची अचूकता ७७ टक्क्यांच्या वर गेली होती. जाणकारांबाहेर कोणी फारशी दखल घेतली नाही. मग १४ मार्च २०२३ला ओपनएआयच्या ग्रेग ब्रॉकमन यांनी ‘जीपीटी-४’ लोकांसमोर आणताना वहीच्या पानावर हाताने खरडलेला वेबसाइटचा आराखडा फोटो काढून यंत्राला दिला आणि त्यातून चालती वेबसाइट निघाली. तो क्षण लोकांच्या लक्षात राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हर्सेलचं ‘व्हीझीरो’ आणि टीएलड्रॉचं ‘मेक रिअल’ आलं. पुढे बोल्ट, स्वीडनचं लव्हेबल, प्रोग्रामरांच्या वापरातलं कर्सर, क्लॉड कोड. फेब्रुवारी २०२५मध्ये एआय संशोधक आंद्रेय कारपाथी यांनी या पद्धतीला ‘व्हाइब कोडिंग’ असं नाव दिलं. कोड वाचायचाही नाही, हवं ते बोलत जायचं आणि समोर येईल ते चालवून पाहायचं. कॉलिन्स शब्दकोशाने त्या वर्षीचा शब्द म्हणून तोच निवडला.

स्टॅनफर्डच्या काही संशोधकांनी २०२४मध्ये ४८४ खऱ्या वेबपानांची चित्रं यंत्राला देऊन त्यांचे कोड लिहवून घेतले आणि मूळ पान व यंत्राचं पान माणसांसमोर शेजारी ठेवलं. ४९ टक्के वेळा माणसं म्हणाली, यंत्राचं पान मूळ पानाच्या जागी चालेल. ६४ टक्के वेळा तर यंत्राचंच पान उजवं ठरलं. हा दुसरा आकडा मी बराच वेळ घोळवत होतो. नक्कल मुळापेक्षा बरी कशी होईल? माझ्या समजुतीने उत्तर असं की यंत्र फक्त समोरच्या चित्रावरून काम करत नाही. चित्रात जे नीट दिसत नाही किंवा जुनाट आहे, तिथं ते आजवर पाहिलेल्या असंख्य पानांतलं रुळलेलं रूप भरतं. त्यामुळे पान नीटनेटकं होतं आणि त्याच कारणाने सगळ्यांसारखंही होतं.

याचं ठळक उदाहरण जांभळट निळ्या रंगाचं. एआयने केलेल्या वेबसाइटींवर हाच रंग सारखा का दिसतो, हा प्रश्न अनेकांना पडलेला होता. टेलविंड या पानाचं रूप ठरवणाऱ्या लोकप्रिय सीएसएस साधनाचे कर्ते ॲडम वॉथन यांनी २०२५मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच्या पाच वर्षं आधी त्यांनी आपल्या नमुन्यांतल्या सगळ्या बटणांना इंडिगो रंग दिला होता. ते नमुने जगभर उचलले गेले, यंत्रं त्यावरून शिकली आणि बटण म्हटलं की इंडिगो हे त्यांच्या अंगवळणी पडलं. आमच्या वाचनालयाच्या पहिल्या पानावरही ‘सभासद व्हा’चं बटण त्याच रंगाचं होतं. मी पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तो रंग कुठंही नव्हता.

०००

पान इंग्रजी मजकुरासकट आलं होतं तोवर देखणं होतं. मराठी मजकूर घातला आणि ते विस्कटलं.

शीर्षकाच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ असते, तिला आधुनिक दिसावं म्हणून यंत्राने अक्षरांमध्ये अंतर सोडलं होतं. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ते शोभतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते. ‘सार्वजनिक वाचनालय’ची सुटी सुटी अक्षरं दोरी तुटल्यासारखी लोंबत होती. मोठ्या शीर्षकात उलट अंतर कमी केलेलं होतं, त्यामुळे काना पुढच्या अक्षराला जाऊन भिडला. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाचं. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत घुसले. शीर्षकाच्या अक्षरांत दोन रंगांची छटा भरलेली होती. ती अक्षराच्या ठरावीक उंचीपुरतीच भरली जाते, म्हणून त्याखाली गेलेले उकार कापले गेले. फॉन्ट ‘इंटर’ नावाचा होता. तो चांगला आहे, पण त्यात देवनागरी नाही. मग ब्राउझर त्या त्या यंत्रातला फॉन्ट घेतो: विंडोजवर निर्मला, ॲपलच्या फोनवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. ताईंच्या फोनवरचं पान, कार्यवाहांच्या फोनवरचं पान आणि माझ्या लॅपटॉपवरचं पान यांत शीर्षक वेगवेगळ्या ठिकाणी तुटत होतं.

सगळ्यात मुळाशी एक छोटी गोष्ट होती. प्रत्येक वेबपानाच्या कोडच्या सुरुवातीलाच ते कोणत्या भाषेत आहे याची खूण असते. आमच्या पानावर ती ‘ईएन’ होती, इंग्रजीची. ‘एमआर’ हवी होती. ही खूण वाचकाला दिसत नाही, पण ब्राउझर आणि फॉन्ट ती वाचतात. मराठी ‘ल’ आणि ‘श’ची घडण हिंदीपेक्षा वेगळी आहे. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवलेली असतात आणि पान मराठी असल्याचं सांगितलं तरच मराठी रूप पुढे येतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं आवाज निवडतात तीही या खुणेवरून.

वाचनालयाचे एक सभासद दृष्टिहीन आहेत, निवृत्त संगीतशिक्षक. ते एनव्हीडीए वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने २००६मध्ये सुरू केलेलं हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यांना मी पान उघडून द्यायला गेलो. इंग्रजी आवाज मराठी मजकुरावर अडखळला, मग काही ठिकाणी गप्पच बसला. मुखपृष्ठांच्या रांगेत आला तेव्हा प्रत्येक चित्रापाशी तो इंग्रजीत ‘पुस्तकाचं मुखपृष्ठ’ एवढंच म्हणाला, बारा वेळा. मास्तर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे पुस्तकं आहेत एवढं कळलं.” त्या वाक्याने मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

हा दोष एकट्या यंत्राचा नाही. वेबएम ही संस्था दरवर्षी १० लाख होमपेजं तपासते. २०२५च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांत अपंगांना अडवणाऱ्या चुका सापडल्या. यंत्र ज्यांच्यावरून शिकलं ती पानंच अशी आहेत. आणि इंग्रजीच्या मानाने मराठी पानं त्याने पाहिलेली ती किती असणार!

०००

पुण्यात नारायण पेठेत माझा एक जुना मित्र वेबसाइटी करतो. त्याच्याकडे जाऊन सगळं दाखवलं. त्याचा पहिला प्रश्न भलताच होता. “हे परदेशातलं पान तू उचललंस, त्यांना विचारलंस का?”

मी म्हणालो, नुसती प्रेरणा घेतली.

त्याने दोन पानं शेजारी ठेवली. मांडणी, समासाची मापं, मुखपृष्ठांच्या सावल्यासुद्धा तशाच होत्या. मजकूर तेवढा आमचा. “अरे, आम्हीही बघून बघूनच शिकलो,” तो म्हणाला. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानाचा कोड उघडून पाहता येतो, या सोयीवर वेब डिझाइनरांची एक पिढी घडली. २००३मध्ये डेव्ह शे यांनी ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केलं. एकच मजकूर, एकच एचटीएमएल, आणि जगभरच्या डिझाइनरांनी त्याला दिलेली वेगवेगळी रूपं. प्रत्येकाचा कोड उघडा. “तेव्हा दुसऱ्याचं पान हाताने उतरवताना हे माप इथं का, हे कळायचं. चार पानं उतरवली की पाचवं आपलं व्हायचं. आता उतरवण्याचा भागच गेला.”

बड्या कंपन्यांनाही ही अडचण आली आहे. जून २०२४मध्ये डिझाइनचं सॉफ्टवेअर करणाऱ्या फिग्माने शब्दांवरून डिझाइन करून देणारं साधन आणलं. हवामानाचं ॲप मागितलं की ते ॲपलच्या हवामान ॲपशी फारच मिळतंजुळतं डिझाइन देतं, हे डिझाइनर अँडी ॲलन यांनी उघड करून दाखवलं. फिग्माचे प्रमुख डिलन फील्ड यांनी साधन लगेच बंद ठेवलं. मागणाऱ्याने ॲपलचं नाव घेतलेलं नव्हतं. आम्ही तर थेट चित्रच दिलं होतं.

मित्राची लहान कामं या टूल्समुळे गेली आहेत, हे त्याने सरळ सांगितलं. आता त्याच्याकडे येतात ती एआयने केलेली आणि अडलेली कामं. निघताना त्याने एक गोष्ट बजावली: सभासदांची यादी, फोन नंबर, पत्ते यांतलं काहीही त्या वेबसाइटवर ठेवू नकोस. २०२५मध्ये अशाच एका लोकप्रिय टूलने केलेली १,६४५ ॲप तपासली गेली, त्यांतल्या १७० ॲपमधली माहिती बाहेरच्या कोणालाही वाचता येत होती. पान सुंदर दिसत असतं, म्हणून कुलूप लावलेलं नाही हे लक्षात येत नाही. त्याचं मी अक्षरशः ऐकलं. आमच्या वेबसाइटवर पुस्तकांची यादी आहे, माणसांची नाही.

०००

परत गेलो तेव्हा ताईंना विचारलं, या वाचनालयात तुम्हाला स्वतःला सुंदर काय वाटतं? त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं.

तिथं कार्डांचं लाकडी कपाट होतं. छोटे छोटे खण, प्रत्येकावर पितळी चौकट, चौकटीत चिठ्ठी: अ, आ, इ, ई. शेवटचा खण ज्ञ. वरच्या फळीवर वाचनालयाची जुनी छापील ग्रंथसूची होती, खिळे जुळवून छापलेली. पिवळट कागद, विटकरी रंगाची चौकट, मधोमध जाड शिरोरेषेचं नाव. आणि दारावरची पाटी, गावातल्याच पेंटरने रंगवलेली. मी गेली दोन वर्षं तिच्याखालून आत येत होतो आणि ती नीट पाहिली नव्हती.

मराठी अक्षराला रूप देणाऱ्यांची आपली परंपरा मोठी आहे. निर्णयसागरच्या जावजी दादाजींच्या टाइपांची कीर्ती देशभर होती. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवला. कमल शेडग्यांनी नाटकांच्या नावांना चेहरे दिले. दिवाळी अंक हातात घेणाऱ्या वाचकाला चित्रकार दीनानाथ दलालांबद्दल मी वेगळं काय सांगणार? पण यातलं जवळजवळ काहीच वेबसाइट या रूपात यंत्रापुढे आलेलं नाही. ते आपल्या कपाटांत, पाट्यांवर, जुन्या अंकांत आहे. कोणीतरी उचलून त्याच्यासमोर ठेवायला हवं.

मी तीन फोटो काढले आणि या वेळी एका वाक्यावर थांबलो नाही. दोन पानं लिहिली, उपसंपादकाने छापखान्याला सूचना लिहाव्यात तशी. ग्रंथसूचीतून रंग आणि चौकट घे, मांडणी घेऊ नको. कार्डांच्या कपाटावरून मुख्य पान कर: अक्षरांचे खण, खण दाबला की त्या अक्षराची पुस्तकं. पान मराठीचं असल्याची खूण आधी घाल. शीर्षकाला ‘तिरो देवनागरी मराठी’, मजकुराला मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’. दोन्ही मोफत आहेत आणि फॉन्ट वेबसाइटसोबतच जाईल, वाचकाच्या फोनवर अवलंबून राहणार नाही. अक्षरांमधलं अंतर कुठंही वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. ओळींमधलं अंतर निदान दीडपट. प्रत्येक मुखपृष्ठाच्या चित्रामागे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मराठीत.

आणखी एक केलं. छापखान्यात नवा टाइप आला की आम्ही अवघड जोडाक्षरांची एक ओळ लावून पाहायचो. तशी ओळ यंत्राला दिली: कऱ्हाड, दऱ्या, वाङ्मय, शृंगार, द्वंद्व, उत्कृष्ट, ज्ञानेश्वरी, कुर्ऱ्यात. प्रत्येक बदलानंतर पान ब्राउझरमध्ये उघड, त्याचं चित्र काढ, या ओळीतलं काही कापलं गेलंय का ते बघ आणि मगच मला दाखव. आजची टूल्स हे स्वतः करतात, सांगावं मात्र लागतं. चार मिनिटांचं काम तीन आठवड्यांच्या संध्याकाळींवर गेलं. त्यातलं कोड लिहिण्याला लागलेलं थोडंच. बराच वेळ मला काय हवं ते मला नेमकं सांगता येईपर्यंत गेला.

खण आले, सुंदर आले. पण ‘ज्ञानेश्वरी’ ज्ञच्या खणात नव्हती, जच्या खणात गेली होती. संगणक ज्ञ हे अक्षर ज, हलन्त आणि ञ असं साठवतो आणि क्रम लावताना पहिला ज पाहतो. तसाच क्ष कमध्ये जातो. ताई म्हणाल्या, “आमच्याकडे ज्ञचा खण शेवटी आहे. सभासद तिथंच जातात.” वर्णमालेचा आपला क्रम यंत्राला लिहून दिला आणि ते पाच मिनिटांत सुटलं.

‘कऱ्हेचे पाणी’ मात्र तरीही सापडत नव्हतं. सुरुवातीला सांगितलेला प्रसंग त्या दिवशीचा.

०००

उत्तर सापडायला दोन दिवस गेले. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी येतो: ‘दर्या’ म्हणजे समुद्र, त्यात रफार, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन, त्यातला र डोळ्याच्या पापणीसारखा. ही पापणी संगणकात लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक, खास त्यासाठी युनिकोडमध्ये ठेवलेला नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

वाचनालयाची यादी फार पूर्वी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झाली होती. ती बदलून घेताना पापणी दुसऱ्या रीतीने आली. ताईंचा कीबोर्ड पहिल्या रीतीने टाइप करतो. भरीत भर म्हणून, यादी आत घेताना एआयने लिहिलेल्या कोडने ‘अदृश्य, निरुपयोगी चिन्हं’ साफ केली होती. इंग्रजी मजकुरात ती साफसफाई योग्य ठरते. आमच्या यादीतली जोडचिन्हं तिने पुसली आणि काही नोंदींत ‘कर्हेचे’ असं रफाराचं रूप उरलं. एका नावाची तीन रूपं झाली होती. चूक कुठे आहे हे यंत्राने शोधलं नाही. ग्रंथपाल ताईंनी हातात पुस्तक घेऊन दाखवलं म्हणून ती कळली.

कळल्यावर मी यंत्राला हे सगळं साध्या मराठीत लिहून दिलं: शोधताना तिन्ही रूपं एकच धर, दाखवताना मात्र पापणी कायम ठेव, कारण दर्या आणि दऱ्या एक नाहीत, आणि जुनी यादी न पुसता पुन्हा आत घे. त्याने कोड लिहिला, स्वतः तपासण्या लिहिल्या, चालवून दाखवल्या. हे काम मी जन्मात करू शकलो नसतो. दरपत्रकात बसणारं माणूस या वाचनालयाला मिळालं नसतं, हेही खरं. म्हणून ही टूल्स लहान संस्थांनी जरूर वापरावीत असं माझं मत आहे. पण तिथल्या ग्रंथपालाला, शिक्षिकेला, पाटी रंगवणाऱ्याला शेजारी बसवून वापरावीत. परदेशातला स्क्रीनशॉट पुढे ठेवून मोकळं होऊ नये.

संगीतशिक्षक मास्तरांनी आता वेबसाइट ऐकली आहे. मराठी आवाज प्रत्येक पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव घेतो. त्यांनी ‘स’चा खण स्वतः उघडला आणि दोन पुस्तकांचे दाखल क्रमांक ताईंना फोनवर सांगितले.

वाचकहो, तुमच्या गावच्या वाचनालयाची, शाळेची किंवा नगरपालिकेची वेबसाइट असेल तर आजच उघडा. शोधाच्या चौकटीत ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ असलेला एखादा शब्द टाका, जो तिथं असायलाच हवा. सापडला नाही तर त्यांना कळवा, आणि काय बिघडलंय तेही सांगा.